दादूची खोली

कोर्टाच्या समुपदेशक बाई घर बघायला येणार असं कळल्यावर लिफ्टवाल्याने रजा टाकली आणि तो हात धुऊन घराच्या मागे लागला. जिन्याला कठडा बसवला, औषधं उंच फळीवर ठेवली, स्वयंपाकघरातला लोंबकळणारा दिवा बदलला. दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या घराकडे बघायला त्याला फुरसत कधी मिळाली नव्हती.

नवराबायको वेगळे झाले होते, आणि लेक ठमी कोणाकडे राहणार यावर त्यांचं काही केल्या जमत नव्हतं. बायकोचं एकच पालुपद होतं, "त्या घरात मी पोरीला झोपू देणार नाही. तिथे अजून दादू राहतो."

दादू म्हणजे ठमीचा मोठा भाऊ. तिच्या जन्माआधीच तो तापाने गेला होता. वरची खोली त्याची. बापाने तिथली काडीही हलवली नव्हती, आणि ठमी मुक्कामाला आली की दादूच्याच पलंगावर झोपायची.

लिफ्टवाल्याची थोरली बहीण मदतीला आली. बाईंसमोर पोर गांगरू नये म्हणून ती आधीच तालीम घ्यायला बसली; बाईंचं सोंग घेत तिने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि आवाज गोड केला.

"बरं का बाळ, बाबांकडे आल्यावर काय काय करतेस?"

"जेवते, खेळते," ठमी म्हणाली. "झोपताना दादू होते."

आत्याने चष्मा काढला. "दादू होतेस म्हणजे?"

"बाबा दाराशी येतात. म्हणतात, दादू, झोपलास का रे? मग मी म्हणते, झोपलो." ठमीने खांदे उडवले. "नाही म्हटलं तर ते तिथेच उभे राहतात."

लिफ्टवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. आपण हे मनातल्या मनात विचारतो अशी त्याची समजूत होती. उत्तर मात्र त्याला ऐकू यायचं. ते ऐकलं की डोळ्याला डोळा लागायचा. ते कोणाच्या गळ्यातून येतं, हे त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"बाईंसमोर हे निघालं तर सगळं मुसळ केरात," बहीण हळू आवाजात म्हणाली. "पोरीला समजावून ठेव."

त्याने समजावलं. "ठमे, बाईंना दादूचं काही सांगायचं नाही हं."

"मग त्या आल्यावर तो कुठे बसेल?" ठमीने विचारलं.



बाई आल्या. कठडा हलवून बघितला, मान डोलावली. वर जाऊन त्या ठमीजवळ जमिनीवरच बसल्या. दादूचं सामान बापाने आदल्याच दिवशी खोक्यांत भरलं होतं, पलंगावर फुलाफुलांची चादर होती.

"ही तुझी खोली का गं?"

ठमीने बापाकडे पाहिलं. झग्याचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. एवढ्याशा चेहऱ्यावरची ती काळजी त्याने पाहिली. ती स्वतःसाठी भीत नव्हती, त्याला सांभाळत होती.

"सांग, ठमे," तो म्हणाला. "असेल ते सांग."

"माझी नाही," ठमी म्हणाली. "मी नुसती त्याच्या जागी झोपते."

बाईंनी विचारलं, "आणि तुला कुठे झोपावंसं वाटतं?"

"आईकडे. पण मग बाबांना ओ कोण देणार?"

निकाल व्हायचा तोच झाला. ठमीने आईकडे राहायचं, रविवारी दिवसभर बापाकडे यायचं, आणि बापाने स्वतः समुपदेशन घेतल्यावरच मुक्कामाचं बघायचं. बहिणीने वरच्या कोर्टात जायचा धोशा लावला, पण तो गेला नाही.

बायकोचा फोन आला. "तिला बोलायला तूच सांगितलंस म्हणे?"

"हो."

"मलाही ऐकू यायचा तो," ती म्हणाली. "म्हणून तर निघाले मी तिथून."

तो पहिल्यांदाच तिच्याशी न भांडता फोनवर बसून राहिला.

पहिल्या रविवारी संध्याकाळी आई ठमीला घेऊन गेली. घर एकदम गप्प झालं. त्याचे पाय आपोआप जिना चढले. दाराशी उभा राहून त्याने विचारलं, "दादू, झोपलास का रे?"

आतून काहीच आलं नाही. अंधार दाटेपर्यंत तो तसाच उभा होता. मग कोणाला तरी सांगावं तसं "बरं" म्हणाला आणि खाली आला.