जाबेझ पेंड्रींची साक्ष

वासराचं डोकं बाहेर आलं होतं, पण पुढचा एक पाय आतच दुमडून बसला होता. गव्हर्नर जाबेझ पेंड्री बाही खांद्यापर्यंत सारून गोठ्यात गुडघे टेकून बसले होते. दाराशी विधिमंडळाचे कारकून ओबेदाया क्विल टोपी हातात धरून उभे.

"गव्हर्नरसाहेब, उद्या निवडणूक आहे."

"गाईला सांगा. तिला कुणी कळवलेलं दिसत नाही."

"चेष्टा नको. नदीपलीकडचं कुरण गावाला देण्याचा विचार करू, एवढंच म्हणा. बाराव्या वर्षीही तुम्हीच."

जाबेझनी हात आत घालून पाय सरळ केला. वासरू घसरत पेंढ्यावर आलं. ते शिंकलं तेव्हा कुठे जाबेझ म्हणाले, "तेवढंच मला म्हणता येत नाही, ओबेदाया."

नदीपलीकडे इथल्या मूळ रहिवाशांची वस्ती होती, अक्वीनो त्यांचे म्होरके. चौतीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडून गावाने जमीन घेतली, तेव्हा मोजणीची साखळी तरण्या जाबेझनी ओढली होती. खरेदीखतात लिहिलं होतं, 'फुटक्या खडकापर्यंत'. पुढे फुटके खडक दोन निघाले. गाव म्हणे लांबचा, अक्वीनो म्हणत जवळचा. मधलं कुरण हिरवंगार. मोजणीला हजर असलेल्यांपैकी आता जाबेझ आणि अक्वीनो हे दोघेच उरले होते. अक्वीनोंचा एकट्याचा शब्द न्यायालय धरत नसे. आणि गव्हर्नर म्हणजे स्वतःच न्यायाधीश, तो साक्ष कुणापुढे देणार? जाबेझनी अकरा वर्षं खटला नुसता थोपवून धरला होता.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मतं पडली. होकाराला मक्याचा दाणा, नकाराला घेवड्याचा. जाबेझच्या पेटीत घेवडाच जास्त निघाला. गिरणीवाले हेझेकाया क्रेन गव्हर्नर झाले.

घरी मेहिटाबेल पावटे सोलत होती. नवऱ्याचा चेहरा तिने एकदाच पाहिला.

"पडलात?"

"पडलो."

"बरं झालं. कुंपण तीन वर्षं पडलंय, त्याला सोबत झाली." शेंगांची टोपली तिने त्यांच्याकडे सरकवली. "वाईट वाटतंय का हो?"

"सकाळी वाटलं. येताना पुलावर आलो आणि एकदम लक्षात आलं. हिटी, आता मला साक्ष देता येईल."

"गाव बोलायचं बंद होईल."

"होईल खरं."

"मग बसू की आपण दोघं एकमेकांशी बोलत," ती म्हणाली. "अकरा वर्षांत तेवढं राहूनच गेलंय."

जूनमध्ये क्रेननी खटला सुनावणीला घेतला. सभागृह भरलं होतं. अक्वीनो खिडकीजवळ काठी टेकून उभे होते. क्रेननी विचारलं, "साक्षीदाराचा धंदा?"

"जमीन मोजणं. अधेमधे दुसरंही काही केलं."

मागे कुणीतरी हसलं. कुणीतरी "गद्दार" म्हणालं.

"हद्द कुठल्या खडकापर्यंत, पेंड्री?"

"जवळच्या. साखळी मी ओढली, दुसरं टोक अक्वीनोंनी धरलं होतं. खडकाच्या नदीकडच्या अंगाला मी छिन्नीने खूण केलीय. शेवाळ खरवडून बघा."

क्रेन स्वतः माणसं घेऊन गेले. त्यांनाही कुरण हवं होतं, पण खूण बोटाने चाचपल्यावर खोटं बोलण्यातले ते नव्हते. निकाल वस्तीच्या बाजूने लागला. बाहेर अक्वीनो जाबेझना म्हणाले, "फार वेळ लावलास."

"हो. लावला," जाबेझ म्हणाले.

अक्वीनोंनी मान हलवली, आणि दोघं म्हातारे नदीपर्यंत बरोबर चालत गेले.

प्रार्थनागृहात बसायच्या जागा मानाप्रमाणे ठरत. रविवारी पेंड्री नवरा-बायको गेले तेव्हा पहिल्या बाकावर क्रेनचं कुटुंब होतं. पेंड्रींचं नाव सहाव्या रांगेत लागलं होतं. ते आत शिरले तसं कुणी उठलं नाही, कुणी बघितलंही नाही.

सहाव्या रांगेत गावचा नालबंद बसला होता. जाबेझ जवळ आले तेव्हा त्याने समोरच नजर ठेवली. पण मांडीवरची टोपी उचलली आणि दोघांपुरती जागा करत भिंतीकडे सरकला.