गुंडीच्या रक्तातला आकडा

सत्त्याऐंशी साल. त्या वर्षी वहिनीच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं नवं यंत्र आलं आणि आमच्या घरातली झोप उडाली.

निरोगी माणसाचे आकडे यंत्र नीट दाखवतंय का, हे बघायला तिथले लोक आधी स्वतःचंच रक्त त्यात घालत. मोठ्यांचं झालं. लहान मुलाचं मिळेना, तेव्हा वहिनीने आपल्या लेकीचंच घेतलं. दीड वर्षाची पोर. मी घरी शिवणकाम करायची, म्हणून दिवसभर ती माझ्याजवळ. सारखा गुंड्यांच्या डब्यात हात, म्हणून तिला गुंडी म्हणायचो.

त्या संध्याकाळी वहिनी चप्पल न काढताच आत आली. गुंडीची पापणी खाली ओढून बघितली, पोट दाबलं, पाय सरळ करून बघितले.

"काय झालं गं वहिनी?"

"अल्कलाइन फॉस्फटेज. यकृतात असतं, हाडांत असतं; तिथे काही बिघडलं की रक्तात चढतं. वाढत्या मुलांत जरा जास्तच, तीनशे-चारशे. हिचं चार हजारांच्या वर आहे."

"यंत्रच बिघडलं असेल."

"मलाही तेच वाटलं. जुन्या पद्धतीने पुन्हा केलं. तेवढंच."

दादा नळदुरुस्तीची कामं करायचा. हात पुसत तो म्हणाला, "म्हणून मी आपल्या घरातले नळ कधी खोलून बघत नाही. चांगलं चाललेलं खोललं की काहीतरी सापडतंच."

"अहो, मुलगी आहे ती, नळ नाही!"

"मग मी तरी काय म्हणतोय?"

मुलांच्या डॉक्टरबाईंनी गुंडीला नीट तपासलं, मनगटाचा एक्स-रे काढला, यकृताच्या बाकीच्या चाचण्या बघितल्या. सगळं ठीक.

"मधे काही आजारपण?"

"जुलाब झाले होते, पंधरवड्यापूर्वी," मी म्हटलं.

"लहान मुलांत होतं असं. साधं दुखणं येऊन जातं आणि मागून हे एकदम चढतं. आपलं आपण उतरतंही. दोन-तीन महिने सुई लावू नका, मग बघू."

पण वहिनीच्या हाताला वेगळी सवय. शंका आली की तपासणी पुन्हा करायची, हे ती वर्षानुवर्षं करत आलेली. ती सुई घरी आणायला लागली. दादा गुंडीला धरायचा, मान दुसरीकडे वळवून. आकडा उतरेना. मग कुणीतरी मोठ्या रुग्णालयाचं नाव सांगितलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हवं तर पोटात सुई घालून यकृताचा तुकडा काढून बघू. वहिनीने तारीखही घेतली.

"अगं, एवढ्याशा पोरीच्या पोटात सुई?" दादाचा आवाज चढला.

"मला नक्की कळायला हवं."

घरात कुणाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. वहिनी गॅसवर भाजी टाकून गुंडीचं पोट चाचपायला जायची, तोवर भाजी करपलेली. मी उलट्या बाजूने बाह्या शिवत होते. दादा निघायचा आणि हत्यारांची पिशवी विसरून परत यायचा.

तारीख चार दिवसांवर आलेली. वहिनी दारात आली, तशी गुंडी माझ्या शिलाई मशीनखाली घुसली आणि फ्रॉकची बाही ओढून कोपर झाकायला लागली.

"ये ना गं. आज काही नाही आणलं." वहिनीने दोन्ही तळवे दाखवले. गुंडी तिच्या पिशवीकडे बघत राहिली. वहिनीने पिशवी उलटी केली. कंगवा, किल्ल्या, छत्री. पोर आणखी आत सरकली.

"तुम्ही सांगितलंत का हिला काही?" वहिनी माझ्यावर उखडली.

"मी कशाला सांगू? तिला डोळे नाहीत?"

वहिनी तशीच जमिनीवर बसली. किल्ल्या-कंगवा पिशवीत भरत म्हणाली, "वन्सं, नळीतलं रक्त मला बघून कधी पळालं नाही हो."

सकाळी तिने फोन करून तारीख रद्द केली. डॉक्टरबाईंकडे जाऊन आली, आणि मग खरे हाल सुरू झाले. थांबणं तिला जमायचंच नाही. कपाटं आवरून झाली, तीच पुन्हा आवरली. गुंडी मात्र खात होती, पडत होती, माझ्या कात्रीसाठी भांडत होती. हळूहळू ती आईच्या ताटातला घास घ्यायला लागली, पण आईने मनगट धरलं की आखडायची.

तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनीच रक्त काढलं. वहिनी बाहेर जिन्यात बसून राहिली. दुपारी प्रयोगशाळेत तिच्या सहकाऱ्याने आकडा सांगितला: दोनशे नव्वद.

"पुन्हा करून बघू?" त्याने विचारलं.

वहिनीने नळी उचलली, परत ठेवली. मग म्हणाली, "नको. मी घरी जाते."

डॉक्टरबाई पुढे बहिणीकडे राहायला गेल्या, तिथेच वारल्या. दादाला जाऊन सहा वर्षं झाली; शेवटपर्यंत दुसऱ्यांचे नळ दुरुस्त केले, आमचा गळतच राहिला. वहिनी प्रयोगशाळेची प्रमुख होऊन निवृत्त झाली. आता आम्ही दोघी एकत्र राहतो आणि पंख्याच्या वेगावरून भांडतो. गुंडी पोहायला शिकवते. तिला त्यातलं काहीच आठवत नाही, आणि मी सांगायला लागले की वहिनी उठून आत जाते.