मर्व्हच्या हंड्यातली लांब कॉइल

टोस्ट काळा पडला. मर्व्हने त्याला लोणी लावलं आणि खाल्ला.

कडक उन्हाळ्यात उघड्यावर आग पेटवायला बंदी असते. अंगणातली गॅसची शेगडीसुद्धा चालत नाही.

डेस्ली चहा पिते. बिअर नाही.

शेडच्या भिंतीवर खिळ्याला एक आखूड कॉइल लटकते. ती काळीठिक्कर आहे.

मित्रांनो, मी विजेवर पाणी तापवणारी एक जुनी कॉइल आहे, आणि हे सगळे तुकडे माझ्याच गोष्टीचे आहेत.

मी म्हणजे स्टीलची नळी. पोटात तार, तारेभोवती ठासून भरलेली पांढरी भुकटी. कारखान्यात मला वाकवून माझ्या घड्या घातल्या. दुखलं का, ते सांगता येणार नाही. मला दोनच गोष्टी कळतात. भोवती पाणी आहे, किंवा नाही.

टास्मानियात, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेलींच्या मळ्यांमधल्या एका गावात मर्व्ह आणि त्याची बायको डेस्ली राहतात. उन्हाळा संपला की गावचे बंबवाले एकत्र जमतात. सगळे बिनपगारी, वणवा लागला की हातातलं काम टाकून धावणारे. त्या दिवसाची बिअर मर्व्ह घरी बनवतो, माल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या जवाचं, गोड पाणी हंड्यात उकळून. बंदीच्या दिवसांतही हंडा उकळता यावा म्हणून त्याने गॅस सोडून वीज घेतली. तेव्हा आणली ती आखूड कॉइल.

मग एका हिवाळ्यात मर्व्हला ताप आला. ताप गेला आणि जाताना नाकाची वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. जिभेची चवही. हे फक्त डेस्लीला माहीत होतं. पुढच्या बिअरच्या वेळी हंडा तळाशी करपला. मर्व्हला पत्ता लागला नाही. बंबवाल्यांनी ग्लास उचलले आणि खाली मान घालून प्यायले. हे मला खिळ्यावरच्या त्या आखूडने सांगितलं.

वर्षभराने बंबवाल्यांचा म्होरक्या क्लेम शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"मर्व्ह, या वेळी बिअर दुकानातून आणतो. तू आराम कर."

"का? मी काय मेलोय?"

"अरे लेका, दिवसभर धूर खाऊन आलेल्या माणसांना तू परत धूरच पाजलास! पाण्याच्या टाकीमागचं गवतसुद्धा मेलं, आम्ही उरलेली ओतली तिथलं."

मर्व्ह हसला नाही. रागावलाही नाही. हंड्याकडे वळला.

"एक हंडा करू दे," तो म्हणाला. "तू चाखून बघ. नाही जमली तर पुन्हा कधी नाही करणार."

मर्व्ह आणि डेस्ली बिअर बनवायच्या सामानाच्या दुकानात आले, तेव्हा तिथल्या बाईंनी आम्हा दोघींना काउंटरवर ठेवलं. एक नवी आखूड आणि मी.

"वीज दोघी सारखीच खातात," बाई म्हणाल्या. "घरच्या प्लगला झेपेल तेवढी. पण ही आखूड सगळी उष्णता एवढ्याशा अंगातून ओकते, म्हणून माल्टची साखर चिकटून जळते. ही लांब आहे, हिची उष्णता पसरते. हिच्या घड्या घासताना मात्र जीव जातो. तुम्ही आखूडच न्या. करपायला लागलं तर वास येतोच की."

मर्व्हने नाक चोळलं.

"लांबवाली द्या," डेस्ली म्हणाली.

अशी माझी निवड झाली. आनंद झाला असेल. आठवत नाही.

हंडा उकळू लागला. मर्व्ह खोक्यावर बसला होता. डेस्ली चहाचा मग घेऊन वाफेत उभी होती.

"कसला वास येतोय?"

"माल्टचा. गोडसर."

"आणि?"

"आणि काही नाही."

"मागच्या वेळीही छान म्हणालीस."

डेस्लीने चहाचा घोट घेतला.

हंडा रिकामा झाल्यावर मर्व्हने बॅटरी आणली, वाकला, माझ्या एकेका घडीवरून बोट फिरवलं. बोट उजेडात धरलं. बोटाला काळं नव्हतं. तो तसाच वाकून राहिला. डेस्लीने मग खाली ठेवला.

बिअर तयार झाल्यावर क्लेम आला. एक घोट घेतला. मग दुसरा. मग ग्लास रिकामा करून पुढे केला.

"भर. आणि दुकानाचं मी काही बोललोच नव्हतो, काय?"

मर्व्हनेही आपला ग्लास संपवला. त्याला गार लागलं. बुडबुडे टोचले. बाकी काही नाही.

त्याला बरीच वर्षं झाली. मर्व्ह अजूनही वर्षातून एकदा हंडा लावतो, बंबवाल्यांसाठी. स्वतःसाठी नाही. एरवी मी आखूडशेजारच्या खिळ्यावर असते. माझ्यावर धूळ बसते, कोळी जाळं विणतो.

मित्रांनो, माझं मागणं छोटं आहे. पाण्याबाहेर मला पेटवू नका. काम झालं की घड्या नीट घासा. आणि ज्याला करपलेलं कळत नाही, त्याला करपलं आहे असं सांगा. मला स्वतःला वास येत नाही, म्हणून सांगते.

करपलेल्या वर्षी, "कशी झालीय?" असं मर्व्हने विचारलं तेव्हा डेस्ली दोन ग्लास प्यायली आणि तिसरा मागितला.