कड्यावरच्या पुंगळ्या

अ‍ॅन्सेलला पुरून आल्यावर शेजारपाजारचे लोक बटाट्याची गरमागरम भांडी घेऊन घरी आले. भांडी त्यांनी मारेनच्या हातात दिली, डोक्यावरच्या टोप्या काढल्या, चार शब्द बोलले आणि निघताना दारात घुटमळून एकेकानं तेच विचारलं, "म्हाताऱ्याकडं प्रायमर उरले असतील का गं?"

काडतुसाच्या बुडात बसणारी, मसुराच्या डाळीएवढी ती टोपी. ती नसेल तर दारू पेटत नाही, मग बाकी सगळं घरात असून उपयोग नाही. त्या वर्षी मॉन्टानातल्या दुकानांत ना काडतुसं होती ना ती टोपी. आदल्या हिवाळ्यातच शहरातल्या लोकांनी गाड्या भरभरून सगळं उचललं होतं. लांबून नेम धरणाऱ्यांची तर पंचाईतच झाली होती. सरावाला रोज बार काढणारी माणसं आता एकेक गोळी हातात घेऊन परत डब्यात ठेवत होती. एरवी रविवारी दुमदुमणारे डोंगर चिडीचूप झाले होते.

मारेन तेव्हा तीन महिन्यांची बाळंतीण, लेक विनी तान्ही. सासऱ्याच्या जाण्यानं आणि रात्रीच्या जागरणांनी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. नवरा टोबिन दूर डाकोटात तेलविहिरीवर. तिनं अ‍ॅन्सेलच्या कामाच्या टेबलाखालचं खोकं ओढून पुढं केलं आणि म्हणाली, "घेऊन जा. मला काय करायचेत?"

शरद ऋतू आला तेव्हा करायचेत काय ते कळलं. टोबिनचं काम निम्म्यावर आलं होतं, फ्रीझरचा तळ दिसत होता, आणि सहा वर्षं सोडतीत नाव घालूनही न लागलेला परवाना नेमका त्याच साली मारेनच्या नावे निघाला. घरामागच्या कड्यावरची एक एल्क मादी. सांबराच्या कुळातलं थोराड जनावर, म्हणजे हिवाळाभराचं मांस. बंदूक होती ती अ‍ॅन्सेलची. तिची नळी त्यानं आपल्या हिशेबानं कातून घेतलेली, त्यामुळे तिचं काडतूस सुगीच्या दिवसांतही कुठल्या दुकानात मिळायचं नाही. त्यानं स्वतः भरलेल्या काडतुसांची एक डबी तेवढी राहिली होती. तिच्यात दोन ओळी.

"मेलेल्या माणसानं भरलेली काडतुसं झाडू नयेत, पोरी," शेजारचा ओडेल म्हणाला. ओडेल आणि अ‍ॅन्सेल चाळीस वर्षं एकत्र शिकारीला गेले आणि चाळीस वर्षं भांडले. "गोळ्या उपसायच्या, दारू बागेत टाकायची. आमच्यात तसंच करतात."

"का पण?"

"त्यानं काय मनात धरून भरली ते तुला ठाऊक आहे का?"

"भूक धरून भरली असतील," मारेन म्हणाली. "तुम्हाला हवीयत म्हणून मला घाबरवताय."

"माझ्या बंदुकीत ती मावत तरी असती, तर तुला विचारत बसलो असतो होय," ओडेल म्हणाला आणि आपला कॉफीचा पेला धुवून पालथा घालून गेला.

पहिला बार तिनं सप्टेंबरअखेर ऐकला. सूर्य कड्याआड गेला होता. ती ओट्याशी उभी राहून विनीसाठी गाजर कुस्करत होती. उंच खुर्चीत बसलेल्या विनीनं एकाएकी दोन्ही हात फाकले, दचकल्यासारखे. आवाज मात्र झाला तो त्यानंतर. कड्यावरून एक बार, दमदार, ओळखीचा. मग एक लांब श्वास घ्यावा एवढी शांतता. मग घळीच्या पलीकडून थप्प. भिजलेली गादी काठीनं बडवावी तसा.

तो आवाज काय असतो हे या घरातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. गोळी मांसात बसली की असा आवाज येतो. हंगाम सुरू व्हायला अजून महिना होता आणि अख्ख्या तालुक्यात फुकट घालवायला कुणाकडे गोळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी बार झाल्याबरोबर तिचं दूध उतरलं, अंगातला सदरा भिजला. मूल रडल्यावर उतरतं तसं. ती विनीला छातीशी धरून बसून राहिली. थप्प ऐकू आलं तेव्हा विनीनं पिणं थांबवून कान टवकारला आणि मग पुन्हा प्यायला लागली.

त्या शनिवारी बंदुकीला तेल लावायला म्हणून तिनं डबी उघडली, तर पुढची ओळ अर्धी झाली होती.

ती तडक ओडेलकडे गेली. विनी कडेवर होती म्हणून आवाज चढवला नाही एवढंच.

"मागच्या दाराची किल्ली तुमच्याकडं आहे."

"आहे. तुझ्या सासऱ्यानं दिली होती, पाण्याचे नळ गोठले तर म्हणून."

"काडतुसं कमी झालीयत माझी."

ओडेलनं तोंडातली काडी काढली. "मारेन, मी आयुष्यात पुष्कळ काही ढापलंय. पण ज्या बंदुकीत बसत नाही ते काडतूस ढापून मी काय करू, गळ्यात घालू?" मग त्यानं किल्ली खिळ्यावरून काढून तिच्या हातात ठेवली. तेवढ्यावर थांबेल तर ओडेल कसला. "रोज संध्याकाळी बार ऐकतेस ना?"

"तुम्हीही?"

"आमची बायको, व्हर्ना, म्हणते मेघगर्जना. चाळीस वर्षं माझ्या शेजारी ती बंदूक वाजलीय. मला मेघगर्जना सांगते."

मारेननं डबी लोखंडी कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि कपाटाची किल्ली गळ्यात अडकवली. त्या संध्याकाळी बार झाला. तिनं कपाट उघडलं. आणखी एक खोबण रिकामी होती. तिथल्या प्लास्टिकला बोट लावलं तर ते गार होतं, नुसतं गार, बाकी काही नाही.

दुपारच्या उन्हात ती विनीला पाठीशी बांधून कडा चढली. अ‍ॅन्सेलची जागा तिला माहीत होती. गेल्या हंगामात आठव्या महिन्याचं पोट घेऊन ती त्याच्याबरोबर इथवर आली होती, दुर्बीण धरायला. पालथं झोपायला सपाट खडक, आणि उजव्या हाताशी टेबलासारखा एक दगड. बार काढला की अ‍ॅन्सेल पितळेची रिकामी पुंगळी गवतात उडू देत नसे. गरम असतानाच मुठीत धरायचा, त्या दगडावर तोंड वर करून उभी करायचा आणि बोटानं तिच्यावर दोनदा टकटक करायचा. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

दगडावर पुंगळ्या उभ्या होत्या, तोंड वर करून, एका रांगेत. टोकाची तिनं उचलली. ती कोमट होती. आणि उन्हानं तापलेला दगड वेगळा, ही ऊब वेगळी. आंघोळ घातलेल्या मुलाच्या मानेला असते तशी.

ती खाली बसली. आणि गेल्या वर्षीचा तो दिवस, जो तिनं कधी नीट आठवून पाहिला नव्हता, आपोआप समोर आला. अ‍ॅन्सेलनं घळीपलीकडच्या कळपावर फार लांबून बार काढला होता. दुर्बिणीच्या काचेवर तिच्याच श्वासाची वाफ धरली होती, तिला काही दिसलं नाही. पण आवाज आला होता. ती म्हणाली, "लागली ना?" तो म्हणाला, "खडकाला." मग तो बराच वेळ पलीकडे बघत राहिला. बर्फ भुरभुरायला लागलं होतं. तिचे पाय सुजले होते. "चल, तुला घरी नेऊ दे," तो म्हणाला.

रक्त सांडलं की परवाना संपला, हा या डोंगरातला नियम. कुठे लिहिलेला नाही, पण जनावर जखमी होऊन निसटलं तर दिवसेंदिवस माग काढायचा, आणि सापडलं नाही तरी त्या साली दुसऱ्यावर बंदूक उचलायची नाही. एका वर्षी ओडेलनं असं जनावर गमावलं आणि आठवड्यानं पुन्हा बंदूक काढली, तेव्हा अ‍ॅन्सेलनं भर चर्चच्या आवारात त्याच्याशी बोलणं तोडलं होतं. अख्खा हिवाळा. तोच अ‍ॅन्सेल त्या दिवसानंतर आठवड्यानं एक धष्टपुष्ट मादी घेऊन घरी आला. ते मांस खाऊन मारेन बाळंत झाली. त्याच मांसाच्या रश्श्यावर तिला दूध आलं. तो स्वतः मात्र पाव आणि घेवडा खात बसायचा. दात दुखतात म्हणायचा.

तिनं दुर्बीण लावली. पलीकडच्या उतारावर, कळपापासून दूर, एक म्हातारी मादी उभी होती. पुढचा डावा पाय तिनं वर धरला होता. ती चरत नव्हती. ती सरळ कड्याकडे, या दगडाकडे बघत होती.

विनी पाठीवरून त्या दिशेला हात हलवत होती, जसा ती दारात आलेल्या माणसाला हलवायची.

त्यानंतर मारेननं कपाटाला कुलूप लावणं सोडून दिलं. संध्याकाळ झाली की ती विनीला मांडीवर घेऊन ओट्याशी बसायची. विनी हात फाकायची, मग बार, मग श्वास, मग थप्प. एकेक खोबण रिकामी होत गेली. हिवाळ्याचं मांस रोज एका बारानं कमी होतंय हे तिला दिसत होतं. एकदा न राहवून ती खिडकीतून कड्याला म्हणाली, "अ‍ॅन्सेल, माझ्यासाठी ठेवा हो एखादं." सासऱ्याला हाक मारावी तशी, जेवायला बोलावल्यासारखी.

हंगामाच्या आदल्या दिवशी डबीत एकच उरलं. तिनं ते विनीच्या पायमोज्यात घातलं आणि मोजा आपल्या सदऱ्याच्या आत ठेवला. सूर्य कड्याआड गेला. विनीनं हात फाकले. बार झाला नाही. हात तसेच फाकलेले ठेवून विनी वाट बघत राहिली, आणि मारेनही. अंधार पडला तरी काही नाही. तेव्हा मारेनला उमगलं, ते तिनं लपवलं म्हणून वाचलेलं नाही. ते तिच्यासाठी ठेवलेलं आहे.

पहाटे विनीला व्हर्नाच्या कुशीत देऊन ती वर गेली. सगळ्या पुंगळ्यांवर दहिवर धरलं होतं. फटफटलं तसा पलीकडे कळप दिसायला लागला. एक तरणी मादी आडवी उभी होती, पाठ रुंद, अंगावर चरबी. लांब होती, पण बंदुकीचा पल्ला तेवढा होता. सासऱ्यानं तिला शिकवलंही होतं. वारा पडलेला. सगळं कसं जुळून आलेलं. आणि तिच्या कितीतरी अलीकडे, घळीच्या काठाला, ती पाय वर धरून उभी असलेली म्हातारी. हाडांचा सापळा.

मारेननं तरण्या मादीवर नेम धरला. बोट चापावर ठेवलं. फ्रीझर डोळ्यांपुढे आला, उघडा, आत नुसता दिवा. विनीला आता दात येत होते. लवकरच ती ताटातलं मागणार होती.

तिला वाटलं उजव्या बाजूला कुणीतरी श्वास रोखून धरलाय. तिनं वळून पाहिलं नाही.

तिनं बोट काढलं, उठली, आणि बंदूक पाठीला लावून घळीत उतरायला लागली. कळपाला वास लागला, तो निघून गेला. म्हातारी हलली नाही. मारेन ओढा ओलांडून, झुडपं धरत वर आली, रस्त्याच्या पलीकडच्या घराशी बोलावं एवढ्या अंतरावर, तरी ती हलली नाही. फक्त वर धरलेला पाय तिनं खाली टेकवला.

"आलेय मी," मारेन म्हणाली.

या खेपेला बार आणि थप्प एकदमच झालं. मधे श्वास नव्हता.

ओडेल घोडा घेऊन आला तेव्हा दुपार कलली होती. जनावर पाहून तो हळूच म्हणाला, "सहा वर्षं थांबलीस, ती हिच्यासाठी? चपलेचं चामडं शिजेल आधी."

"सुरी धरा तुम्ही."

डावा खांदा सोलला तर आत जुनी जखम, तिच्याभोवती कूर्चा चढलेली. ओडेलनं ती उकलली आणि तांब्याची एक काळवंडलेली, आदळून पाकळ्या फुटलेली गोळी काढून तळहातावर धरली.

"म्हणजे खडकाला नव्हती लागली," तो म्हणाला. "अन् माझ्याशी अख्खा हिवाळा बोलला नाही, लेकाचा." त्याच्या आवाजात राग असायला हवा होता. तो नव्हता.

सुरी पुन्हा आत गेली आणि कशाला तरी अडली. ही गोळी लखलखीत होती. ना पाकळ्या फुटलेल्या, ना ओरखडा, डबीतून आत्ता काढल्यासारखी. तिच्याशेजारी दुसरी. मग आणखी. भोवतीचं मांस स्वच्छ, कुठे छिद्र नाही. मुलाच्या मुठीत गोट्या सापडाव्यात तशा त्या एका जागी गोळा झाल्या होत्या.

ओडेलनं टोपी काढली. "तू किती झाडल्यास?"

"एक. ती मानेत आहे."

"मग या?"

मारेननं त्या एकेक करून ओढ्यात धुतल्या. डबीच्या दोन ओळींतल्या, शेवटची सोडून सगळ्या. ओडेलनं विचारलं, "हे मांस घरी नेणार तू?"

"परवाना माझा होता," मारेन म्हणाली. "मंद आचेवर ठेवीन. शिजेल."

संध्याकाळी पहिलं पातेलं चुलीवर चढलं होतं. खिडकीबाहेर सूर्य कड्याआड गेला. विनी उंच खुर्चीत बसली होती. तिनं हात फाकले नाहीत. मारेननं खिशातून सकाळची पुंगळी काढली, थंडगार, आणि ठेवायला दुसरी जागा सुचली नाही म्हणून खुर्चीच्या फळीवर उभी केली, तोंड वर.

विनीनं ती तोंडात घातली नाही. पाडलीही नाही. तिनं आपलं चिमुकलं बोट पुढं केलं आणि पितळेवर दोनदा टकटक केलं. मग आईच्या खांद्यावरून मागे, जिथं अ‍ॅन्सेलची खुर्ची होती तिकडे बघून, हात हलवला.

मारेन वळली नाही. तिनं फडताळातून ताटल्या काढल्या, आणि थोडं थांबून त्यांत आणखी एक वाढवली.