रेडिओच्या पाठीची भोकं

खुशालरावला मी तेव्हा खुशालभाऊ म्हणायचो, अहोजाहो करायचो. आता तो माझ्यासाठी नुसता 'तो' आहे. चिडखोर म्हणा मला, हरकत नाही.

एकसष्ट साली अकोल्यात एका रेडिओच्या दुकानात आम्ही दोघं कामाला होतो. तो मॅनेजर, मी मेकॅनिक. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. दुकानातली बाकीची मंडळी जेवायला माझ्यापासून हातभर लांब बसत. खुशालराव मात्र सगळ्यांदेखत माझ्या डब्यातली भाकर मोडून खायचा आणि ठेच्याची तारीफ करायचा. माझी बायको शालू त्याच्यासाठी एक भाकर जास्तीची बांधायची. तेवढ्यावर मी या माणसासाठी जीव द्यायला तयार होतो. मूर्खच होतो.

दर एप्रिलात दुकानात जळलेले रेडिओ परत यायचे. कंपनीनं तो सेट कुठंतरी थंड हवेत बसून बनवला असणार. लाकडी पेटी खालून बंद, पाठीच्या पुठ्ठ्याला मधोमध चार भोकं. त्यात आमची माणसं हौशी. मूर्तिजापूरच्या पंचफुलाबाईंनी रेडिओला भरतकामाचं झबलं शिवलं होतं आणि तो भिंतीतल्या कोनाड्यात कोंबला होता. आत पाच व्हॉल्व्ह तापलेले, बाहेर पंचेचाळीस डिग्री. ट्रान्सफॉर्मर जळणार नाही तर काय होईल? झबलं काढा म्हटलं तर बाई म्हणाल्या, "मंग तो काय उघडाच बसंन?"

मी एका जुन्या सेटच्या पुठ्ठ्याला खालच्या कडेनं भोकांची ओळ पाडली, वर एक लांब फट ठेवली आणि पेटी दोऱ्याच्या चार रिकाम्या रिळांवर उचलून ठेवली. गार हवा खालून शिरायची, गरम वरून निघून जायची. दोन सेट शेजारी लावले आणि दोन्हींच्या ट्रान्सफॉर्मरवर मेणाचा एकेक थेंब ठेवला. कंपनीच्या सेटवरचा तासाभरात वितळला. माझ्या सेटवरचा संध्याकाळपर्यंत तसाच होता. मला इतका आनंद झाला की मी दुकानात एकटाच हसत बसलो.

पण विकायच्या नव्या सेटचा पुठ्ठा काढायचा म्हणजे कंपनीचं लाखेचं सील फोडायचं, आणि सील फोडणाऱ्याची नोकरी जाणार हा नियम सगळ्यांना पाठ होता.

"फोड," खुशालराव म्हणाला. "काहून भेतं? कोनी इचारलं तं मी हाव ना."

मी फोडलं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडून गेलेला एकही सेट जळून आला नाही. मालकानं खुशालरावची पाठ थोपटली, आणि मलाही त्याचं बरंच वाटलं.

जूनच्या सुरुवातीला दर्यापूरच्या एका गिऱ्हाइकानं बटण बिघडलं म्हणून सेट परस्पर कंपनीकडे पाठवला. तिथं फुटलेलं सील दिसलं. अठरा तारखेला चौकशीला नागपूरहून कंपनीचा साहेब आला आणि त्यानं मला आतल्या खोलीत बोलावलं.

"सील फोडायला कोणी सांगितलं?"

खुशालरावचं नाव ओठांवर आलं होतं. पण त्याच्या तीन पोरी लग्नाच्या होत्या, आणि माझ्या हातात निदान हुन्नर होता. शिवाय तो स्वतःच आत येऊन खरं सांगेल, असं मला मनापासून वाटत होतं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "माझ्याच मनानं फोडलं."

साहेबानं मान हलवली. "तुमच्या मॅनेजरनंही हेच लिहिलंय." त्यानं एक कागद माझ्यापुढे सरकवला. अक्षर खुशालरावचं होतं. 'मी वारंवार मनाई करूनही देवमन याने सील फोडले,' असं स्वच्छ लिहिलं होतं. वर तारीख बारा जून, म्हणजे कंपनीनं त्याला आधीच पत्रानं विचारलं होतं. चौदा जूनला आम्ही दोघांनी मिळून आणखी तीन सेट उघडले होते. स्क्रू काढायचा पेचकस त्याच्या हातात होता, आणि दुपारी तो माझ्याच डब्यात जेवला होता. मी कबुलीवर सही केली.

बाहेर आलो तर खुशालराव दारातच उभा.

"काय म्हने सायब? माहं नाव घेतलं का तुनं?"

"नाई घेतलं."

त्यानं सुस्कारा सोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मले मालूम होतं, देवमन. तू नाव घेनार नाई, हे मले पक्कं मालूम होतं."

ते पत्र त्यानं याच भरवशावर लिहिलं होतं.