फुलझाडांचा ओटा

मी झुंबरबाईंचं खुरपं. अंगावरचा गंज नुकताच उतरलाय, धारही बरी आहे, तेव्हा माझं थोडं ऐका.

भोकरदनच्या एका लोहारानं ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून मला घडवलं आणि बाभळीची मूठ बसवली. बाजारातल्या ढिगातून झुंबरबाईंनी मला उचललं, दगडावर वाजवून पाहिलं, आवाज पसंत पडला आणि मी पिंपळगाव रेणुकाईला आलो. तिथं मिरचीच्या, मक्याच्या रानात आम्ही जोडीनं निंदण केलं. गप्पा सुरू झाल्या की इतर बायांचे हात थांबायचे. झुंबरबाईंचं उलटं होतं. बोलायला लागल्या की त्यांचा हात जास्तच चालायचा.

पुढं त्यांचा मुलगा भागवत नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरीला लागला. त्यानं तिथं घर बांधलं आणि आईवडिलांना गावाहून आणलं. बाईंच्या बोचक्यातून मीही आलो. घरासमोरच्या लहानशा अंगणात बाईंनी मोगरा, गुलाब, जास्वंद लावली. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालायच्या. शेत सुटलं म्हणून मी नाराज होतो, पण मोगऱ्याच्या मुळाशी माती मोकळी करण्यातलं सुख मला इथंच कळलं.

मग गेल्या पावसाळ्यात बाईंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली. मला माळ्यावर पत्र्याच्या डब्यात टाकलं, आणि गंजणं म्हणजे काय ते मी तिथं शिकलो.

फाल्गुनात सून साधना माळा साफ करायला चढली, तेव्हा मी खाली आलो. बाईंनी मला पाहिलं आणि पदराआड घेतलं. त्याचं कारण होतं. आदल्या दिवशी भागवतनं ठरवलं होतं की अंगणभर फरशी टाकायची. गाडी ठेवता येईल आणि माय परत खाली बसायला जाणार नाही. आणि मोगऱ्याची छाटणी तर आत्ताच व्हायला हवी होती, नाहीतर उन्हाळ्यात फूल कुठलं?

साधना बाजारात गेली तशा बाई भिंतीला धरून हळूहळू मोगऱ्यापाशी बसल्या. वा, काय सांगू! गवत निघालं, सुकल्या फांद्या उतरल्या, माती भुसभुशीत झाली. सगळं झालं आणि बाईंना उठताच येईना. त्यांनी काकासाहेबांना, म्हणजे आपल्या मालकांना, हाक मारली. ते आले, बाईंचा हात धरून ओढायला गेले, तर त्यांच्याच कमरेत उसण भरली. तेही हळूच बाईंशेजारी टेकले. आता दोघं मातीत बसलेली. एकमेकांकडं पाहून त्यांना हसू आवरेना. शेवटी काकासाहेब म्हणाले की बसलोच आहोत तर गुलाबाखालचंही काढून टाकू. मी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरत राहिलो.

तेवढ्यात भागवत फरशीचं माप घ्यायला कचरू मिस्त्रीला घेऊन आला, आणि मागोमाग साधनाही पोचली. आईवडिलांना जमिनीवर पाहून भागवतचा चेहराच उतरला. दोघांना उचलून खुर्च्यांवर बसवल्यावर मात्र तो चिडला. पडला असतात, हाड मोडलं असतं, म्हणून बोलत सुटला. बाईंनी त्याला बोलू दिलं. मग मातीचे हात पदराला पुसत म्हणाल्या,

"टाक बाबा फरशी. पण मंग सकाळी उठून मी काय करायचं, ते बी सांगून ठेव."

कचरूनं मापाची पट्टी गुंडाळून खिशात घातली. हातातल्या पिशव्या खाली ठेवत साधना सासूकडं बोट दाखवून म्हणाली,

"आत्या ओट्यापाशी उभं राहून भाकरी करतात, तवा गुडघा दुखत न्हाई. मंग फुलझाडांसाठी बी तसाच ओटा बांधू की."

भागवतनं कचरूला विचारलं, "जमंल का?"

"बिलकुल जमंल," कचरू म्हणाला. "खाली पाण्याला भोकं ठिवतो."

तसंच झालं. अर्ध्या अंगणात फरशी, आणि भिंतीलगत सकाळच्या उन्हात कमरेएवढा विटांचा वाफा. भागवतनं गावाहून शेणखताची पोती आणली. तळाशी विटांचे तुकडे, वर माती आणि खत. मोगरा मुळाच्या गड्ड्यासकट वर चढवला, तेव्हा त्याची पानं गळून गेली. आता हा जगतो की नाही, म्हणून घरात सगळे हळू बोलायला लागले. बाई रोज उभ्या उभ्या मला हातात घेऊन माती हलवायच्या आणि त्याच्याशी गावाकडचं काहीबाही बोलत राहायच्या. पाडव्याच्या सकाळी एका काडीवर पोपटी कोंब दिसला. काकासाहेबांनी अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवला.

आता मोगरा कळ्यांवर आलाय. कडेनं झेंडू आहे, तो भागवतनं स्वतः लावला.

तुमच्याही घरात कुणीतरी खुर्चीत बसून अंगणाकडं बघत असेल. त्याला नुसतं आराम करा म्हणू नका. त्याला वाकता येत नसेल, तर माती थोडी वर आणा. बाकीचं तो करील.

बरं, थांबतो. बाई चहा पिऊन येताहेत, आणि अबोलीची रोपं अजून लावायची आहेत.