नमुन्याचं पान

संशोधन संस्थेत सगळे तिला मास्तरीण म्हणत, अर्थात पाठीमागे. काम सर्व्हर सांभाळायचं, पण बोलणं असं की समोरच्याने छडी खायला आपोआप हात पुढे करावा.

नव्या सर्व्हरवर प्रत्येकाचं स्वतःची ओळख देणारं वेब-पान हवं, असं संचालकांनी फर्मावलं. तपासणी समिती येणार होती. मास्तरणीला नोकरीत कायम करायचं की नाही, हेही तीच समिती ठरवणार होती. इतकी वर्षं कंत्राटावर काढल्यावर ती नोकरी तिला हवीच होती.

काम सोपं. प्रत्येकाला एक फोल्डर, त्यात ठेवाल ते जगाला दिसणार. पण या विद्वानांचे प्रताप तिने जुन्या सर्व्हरवर पाहिले होते. कीटकशास्त्रज्ञाने फोल्डरचं नाव मनानेच बदललं आणि वर तिलाच दरडावलं, "माझं पान दिसत का नाही?" ग्रंथपाल बाईंनी तर सगळं खातंच सताड उघडं टाकलं, कोणीही यावं, काहीही पुसून जावं.

"अहो, सूचना वाचल्यात का?"

"वेळ कुठे असतो हो!"

डोंबलाचा वेळ! चहाला बरा मिळतो.

म्हणून या खेपेला तिने खाती उघडतानाच प्रत्येकात नमुन्याचं पान आपोआप पडेल अशी सोय केली. त्यावर मजकूर: ‘माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मला सूचना वाचायचा कंटाळा आहे.’ तो खोडायचा, स्वतःचा लिहायचा. झोंबेल तेव्हा तरी जागे होतील मेले, असा तिचा हिशोब.

कोणी जागं झालं नाही. तपासणीच्या सकाळी सगळी पानं तिला एका झटक्यात कोरी करता आली असती. "होऊ दे शोभा," ती पुटपुटली.

समितीच्या अध्यक्षाबाईंनी आधी संचालकांचंच पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. संचालक लालबुंद झाले. "ही हिची करणी!"

"नमुना बदला, असं सूचनेत पहिल्याच ओळीत लिहिलंय, साहेब."

अध्यक्षा खळखळून हसल्या. "बरोबर आहे बाईंचं! आता तुमचं पान दाखवा. बघू तरी, कसं असायला हवं ते."

तिने ऐटीत स्वतःचं नाव टाइप केलं. सगळ्यांबरोबर तिचंही खातं उघडलं होतं. पडद्यावर तीच दोन वाक्यं आली. कीटकशास्त्रज्ञ हसून हसून खुर्चीत लोळायचाच बाकी राहिला.

"थांबा, आत्ता बदलते." तिने मजकूर खोडला. ‘मी’ लिहिलं आणि बोटं थांबली. इतरांच्या मूर्खपणावर तिने उभ्या उभ्या पानंच्या पानं भरली असती. स्वतःबद्दल एक वाक्य सुचेना.

अध्यक्षांनी बराच वेळ वाट पाहिली. मग चष्मा काढून ठेवला आणि तिच्या नोकरीची फाइल मिटली.

"राहू द्या बाई," त्या म्हणाल्या. "पुढचं कोण?"